बिलबुक ठेवावं की मोबाइलवर बिल करावं? फिरत्या सर्व्हिसवाल्यांसाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचा धाकटा भाऊ सातपूरहून इको गाडी काढता. गाडीत टूल, ऑइल, फिल्टर आणि चार-सहा बॅटऱ्या असतात, आणि जनरेटर, इन्व्हर्टर, बॅटरी यांची सर्व्हिस जागेवर जाऊन करता. गिऱ्हाईक तीन प्रकारचं: अंबड-सातपूरचे छोटे कारखाने, गंगापूर रोड-इंदिरानगरच्या सोसायट्या आणि दिंडोरी-निफाडकडचे द्राक्षबागायतदार. आजवर छापील बिलबुकावर भागलं. आता कारखाने म्हणतात जीएसटीचं बिल मेलवर पाठवा, शेतकरी म्हणतात हातात कागद द्या, पेठ रोडला पुढे गेलं की रेंज जाते, आणि कुणीतरी सांगितलंय की ई-इन्व्हॉइस सगळ्यांना सक्तीचं झालं. जीएसटी नंबर अजून घेतलेला नाही. मजुरी वर्षाला चौदा लाखांच्या आसपास, पार्टचे पैसे वेगळे.

मी नाशकात बरीच वर्षं अशाच छोट्या धंद्यांचे हिशेब आणि जीएसटीची कामं करते. त्यातले कितीतरी दुकान नसलेले, गाडीवर चालणारे धंदे आहेत. माझं मत सरळ आहे: मुख्य बिल मोबाइलवर करा आणि एक बिलबुक गाडीत राखीव ठेवा. मात्र कागद की मोबाइल यापेक्षा बिल कुठे बनतं याला जास्त महत्त्व आहे. गाडी गिऱ्हाइकाच्या दारातून हलण्याआधी बिल झालेलं असलं पाहिजे. फिरत्या धंद्यात पैसे बुडतात ते बहुतेक इथेच. दिवसभराची कामं डायरीत टिपायची आणि रात्री जेवणानंतर बिलं लिहायची, ही सवय मी खूप ठिकाणी बघते. रात्री लिहिताना एखादा फिल्टर राहून जातो, आवर मीटरचं (मशीन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या मीटरचं) रीडिंग आठवत नाही, दोन लिटर जास्त टाकलेलं ऑइल लिहिलं जात नाही. बिल चौथ्या दिवशी पोचतं आणि तोवर समोरचा माणूस काम विसरलेला असतो. मग घासाघीस सुरू होते. तेच बिल जनरेटर सुरू करून दाखवल्यावर, समोर उभं राहून दिलं तर रकमेवर वाद होत नाही. मोबाइलच्या बाजूने माझं मत झुकतं ते यासाठी: पार्टची नावं आणि भाव आधीच भरून ठेवलेले असतात, बेरीज नि कर आपोआप निघतो, आणि ऑइलचे हात पुसून उभ्या-उभ्या दोन मिनिटांत बिल होतं.

आता ई-इन्व्हॉइसची भीती काढून टाकू. मोबाइलच्या ॲपवर बनवलेली पीडीएफ आणि कायद्यातलं ई-इन्व्हॉइस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यातल्या ई-इन्व्हॉइसमध्ये बिलाची माहिती सरकारी पोर्टलवर जाते, तिथून त्याला आयआरएन नावाचा एकमेव क्रमांक आणि सही केलेला क्यूआर कोड मिळतो. हे ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या वरच्या कंपन्यांपासून सुरू झालं आणि मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आहे, म्हणजे २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर. शिवाय ते नोंदणीकृत धंद्याला दिलेल्या बिलांपुरतं. घरगुती गिऱ्हाइकाच्या बिलाला नाही. तुमचा त्याच्याशी आज संबंध नाही. ‘आयआरएनशिवाय तुमचं बिल चालणार नाही’ असं एखाद्या कारखान्याच्या अकाउंटंटने म्हटलं, तर लेटरहेडवर ‘आमची उलाढाल ५ कोटींच्या आत आहे’ असं लिहून सही करून द्या. बहुतेक ठिकाणी तेवढ्यावर भागतं.

त्याहून तातडीची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: मजुरी चौदा लाख आणि पार्ट वेगळे. नोंदणीची मर्यादा बघताना पार्ट वेगळे धरता येत नाहीत. एका पॅनवरची सगळी उलाढाल एकत्र मोजतात. आणि ४० लाखांची मर्यादा फक्त मालच विकणाऱ्याला आहे. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात २० लाख. तुम्ही बॅटऱ्या विकता, ऑइल-फिल्टर लावता, वर मजुरी घेता, म्हणजे तुम्हाला २० लाखांचीच मर्यादा लागू. बॅटऱ्यांचे पैसे धरले तर तुम्ही ती ओलांडली असण्याची बरीच शक्यता आहे. या आठवड्यात बँकेचं स्टेटमेंट आणि बिलबुकं घेऊन एप्रिलपासूनची बेरीज करा. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. कंपोझिशन, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची छोट्या धंद्यांची योजना, कुणी सुचवेल. सेवेसाठी त्यात ५० लाखांपर्यंत ६ टक्के भरून मोकळं होता येतं. पण त्यात गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही आणि कारखान्याला तुमच्या बिलावर क्रेडिट, म्हणजे बिलावरचा कर स्वतःच्या करातून वळता करायची सोय, मिळत नाही. तुमची निम्मी कमाई एमआयडीसीतून असेल तर साधी नोंदणीच घ्या. आणि नंबर हातात पडेपर्यंत कुठल्याही बिलावर जीएसटी लावू नका, गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

कारखान्यांचं बघू. त्यांना पीडीएफ मेलवर लागते, त्यात परचेस ऑर्डरचा नंबर, तुमचा आणि त्यांचा जीएसटीआयएन (म्हणजे जीएसटी नंबर), मालाचा एचएसएन किंवा सेवेचा एसएसी कोड. ५ कोटींच्या आतल्या धंद्याला अशा बिलावर चार अंकी कोड पुरतो: दुरुस्ती-देखभालीला ९९८७, बॅटरीला ८५०७, ऑइलला २७१०, फिल्टरला ८४२१. हे एकदा ॲपमध्ये भरून ठेवलं की पुन्हा बघावं लागत नाही. बिलबुकावर दर वेळी हाताने लिहावं लागतं आणि घाईत चुकतं. पण कारखान्याचा खरा आग्रह वेगळाच असतो. तुम्ही भरलेल्या जीएसटीआर-१ मधून (विक्रीच्या बिलांच्या रिटर्नमधून) बिल त्यांच्या टू-बीमध्ये (पोर्टलवर दिसणाऱ्या त्यांच्या खरेदीच्या यादीत) उतरल्याशिवाय त्यांना क्रेडिट घेता येत नाही. ‘तुमचं बिल टू-बीला दिसत नाही, पेमेंट होल्डवर आहे’ हे वाक्य तुम्हाला लवकरच ऐकायला मिळेल. तुम्ही तिमाही रिटर्नची सोय घेतली, आणि छोट्या धंद्याला ती सोयीचीच आहे, तर तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांची कारखान्यांची बिलं पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफमध्ये, म्हणजे तिमाहीवाल्यांना मधल्या महिन्यांची बिलं चढवायला दिलेल्या सोयीत, टाका. म्हणजे १४ तारखेला त्यांच्या टू-बीमध्ये दिसतील. बिलं मोबाइलवर असली तर ॲपमधून एक्सेल निघतं आणि हे काम चहा होईपर्यंत संपतं. बिलबुकावर असली तर कुणीतरी बसून प्रत्येक जीएसटीआयएनचे पंधरा अक्षर-अंक टाइप करतं, आणि एक अक्षर चुकलं की पोर्टल तो नंबर घेत नाही आणि बिल अडकून बसतं.

कारखान्यात एक कागद मात्र सोडू नका. काम झाल्यावर मेंटेनन्सच्या माणसाची सही असलेला सर्व्हिस रिपोर्ट घ्या: तारीख, मशीनचा नंबर, आवर मीटर रीडिंग, काय बदललं. फोटो काढून बिलाच्या पीडीएफबरोबर त्याच मेलवर पाठवा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) नसेल तर ती मोफत होते, करून घ्या आणि तो क्रमांक बिलाच्या मथळ्यात घाला. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. मुदत टळून वर्षअखेरीला थकलेली रक्कम त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, हे २०२३-२४ पासून आयकरातही आलं आहे. त्यामुळे मार्चमध्ये अकाउंट्सवाले स्वतःहून फोन करतात. पण हे दिवस मोजायचे तर काम कधी स्वीकारलं आणि बिल कधी पोचलं याचा पुरावा तुमच्याकडे हवा. मेलवर तारीख आपोआप पडते. कागदी बिल दिलंत तर दुय्यम प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय गेटबाहेर येऊ नका.

सोसायट्यांचं सोपं आहे. सेक्रेटरीला व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवा, खजिनदाराने फाइलला लावायला प्रिंट मागितली तर द्या. वार्षिक करार असेल तर बिलावर ‘चारपैकी दुसरी सर्व्हिस’ असं स्पष्ट लिहा, कारण समिती बदलते आणि नवीन लोक पहिल्यापासून विचारतात.

शेतकऱ्यांच्या बाबतीत मी कागदाच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण नुसती सवय नाही. ऑक्टोबर छाटणीच्या धामधुमीत ट्रॅक्टरची बॅटरी गेली, तुम्ही रानात जाऊन बसवून दिली, आणि पैसे ‘माल निघाला की देतो’ या बोलीवर राहिले. माल निघणार फेब्रुवारी-मार्चमध्ये. या चार-पाच महिन्यांत तुमच्या हातात काय आहे? बिलबुकातली दुसरी प्रत, त्यावर ‘बाकी रु. अमुक’ असं लिहिलेलं आणि खाली त्यांची सही. ती सही समोर ठेवली की बोलणं वेगळं होतं. घरात मुलगा व्यवहार बघतो, बॅटरी घेतली होती वडिलांनी, अशा वेळी तर ती फारच उपयोगाची. मोबाइलवरची नोंदही पुरावा म्हणून चालते. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे तिच्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं. पाच-सहा हजारांच्या उधारीसाठी तिथपर्यंत कोण जाणार? म्हणून उधारीवरचा माल असेल तर बिल मोबाइलवर करा आणि एका साध्या डुप्लिकेट चलनबुकावर माल मिळाल्याची सही घ्या. चलनावर बिलाचा क्रमांक टाका. कागद त्यांच्याही हातात राहतो, आणि बिल एकच राहतं.

बिल एकच राहतं, यावर माझा फार जोर आहे. मोबाइलवर नवीन आलेले लोक हमखास एक घोळ करतात: जागेवर बिलबुकातून कच्चं बिल देतात आणि घरी येऊन तेच ॲपमध्ये पुन्हा करतात. एका कामाची दोन बिलं, दोन क्रमांक. वर्षअखेरीला माझ्यासमोर दोन्ही येतात आणि कुठलं खरं ते तुम्हालाही सांगता येत नाही. नियम असा आहे की क्रमांक सलग हवा, त्या आर्थिक वर्षात एकमेव हवा आणि १६ अक्षरांच्या आत हवा. मालिका मात्र एकापेक्षा जास्त ठेवता येतात, आणि हीच सवलत तुमच्या कामाची आहे. तुमच्या मोबाइलची एक मालिका, भावाच्या मोबाइलची दुसरी, गाडीतल्या राखीव बिलबुकाची तिसरी. प्रत्येकीला सुरुवातीला वेगळं अक्षर. दोघांच्या मोबाइलला एकच मालिका दिली आणि दोघेही रेंजबाहेर असले, तर दोन्हीकडे एकच क्रमांक तयार होतो आणि संध्याकाळी नेट आल्यावर ॲप गोंधळतं. वेगळ्या अक्षराने हा प्रश्नच राहत नाही. राखीव बुकातून बिल फाडलं तर त्या रात्री ॲपमध्ये चढवताना बुकातलाच क्रमांक घाला, नवीन घेऊ नका.

चुकलेलं बिल डिलीट करायचं नाही. बिलबुकात दोन्ही प्रती जागेवर ठेवून आडवं ‘रद्द’ लिहितो तसं ॲपमध्येही ‘कॅन्सल’ करा. जीएसटीआर-१ मध्ये कुठल्या क्रमांकापासून कुठल्यापर्यंत बिलं दिली आणि त्यातली किती रद्द झाली हे सांगावं लागतं, तिथे मधला गहाळ क्रमांक उघडा पडतो.

रेंजची चिंता तुम्हाला वाटते तेवढी मोठी नाही. ॲप घेताना एकच परीक्षा घ्या: मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि बिल करून पीडीएफ काढून बघा. निघाली तर पेठ-हरसूलला जा खुशाल. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवली की रेंज आल्यावर आपोआप जाते. नाही निघाली तर ते ॲप, कितीही नावाजलेलं असो, तुमच्या उपयोगाचं नाही. राखीव बुक खरं लागतं ते चार्जिंग संपल्यावर किंवा मोबाइल पाण्यात पडल्यावर.

छोटा ब्लूटूथ प्रिंटर घ्यावा का? त्यावर निघणारी पट्टी थर्मल कागदाची असते. त्या कागदावर शाई नसते. उष्णतेने काळा पडणारा थर असतो आणि तो ऊन, तेल, प्लास्टिकचा खिसा यांनी उडतो. एप्रिलमध्ये गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पट्टी काही दिवसांत पुसट होते. बॅटरीची वॉरंटी दोन-तीन वर्षांची, आणि क्लेमच्या वेळी गिऱ्हाईक कोरी पट्टी घेऊन येतं, हे मी अनेकदा पाहिलंय. बॅटरीच्या बिलाला पट्टीवर विसंबू नका. पीडीएफ पाठवा, बॅटरीचा सिरीयल नंबर बिलाच्या ओळीतच लिहा आणि कागद हवा असेल तर डुप्लिकेट बुकातला द्या. कार्बनवाली प्रत लिहिताना बॉलपेन दाबून चालवा. तिसरी प्रत बहुतेक वेळा वाचताच येत नाही.

बॅटरीचाच विषय निघाला म्हणून एक खास गोष्ट. जुनी बॅटरी परत घेऊन पैसे वळते करता, ते बिलावर बहुतेक जण ‘डिस्काउंट’ म्हणून दाखवतात. ते चूक आहे. कर नव्या बॅटरीच्या पूर्ण किमतीवर लागतो. बॅटरी ६,००० रुपये, १८ टक्क्यांनी कर १,०८०, एकूण ७,०८०. त्यातून जुन्या बॅटरीचे ९०० वजा, देय ६,१८०. हे ९०० आधी वजा करून ५,१०० वर ९१८ रुपये कर लावला, तर १६२ रुपये कमी भरले जातात आणि तपासणीत ते व्याजासकट निघतात. ॲपमध्ये डिस्काउंटच्या खान्यात टाकलं की ते आपणहून चुकीचाच कर काढतं, म्हणून वजावट खाली, एकूण रकमेनंतर दाखवता येते का ते आधी तपासा. दरावरून आठवलं: २२ सप्टेंबर २०२५ ला बॅटरीचा दर २८ वरून १८ टक्के झाला तेव्हा ज्यांच्या बिलबुकावर दर छापलेला होता त्यांची बुकं वाया गेली. राखीव बुक छापताना दराची जागा कोरी ठेवा, आणि एकदम ढीगभर छापू नका.

गाडीतल्या मालाचाही कागद लागतो, आणि फिरत्या धंद्यात याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. सकाळी सहा बॅटऱ्या घेऊन निघता तेव्हा त्या कुणाला विकल्या जाणार हे ठाऊक नसतं, म्हणजे बिल नसतं. नोंदणी झाल्यावर अशा मालासाठी डिलिव्हरी चलन करायचं: तारीख, क्रमांक, कोणता माल, किती नग, अंदाजे किंमत. माल विकला जाईल तसं जागेवर बिल. रस्त्यात गाडी तपासली तर हे चलन दाखवता येतं, आणि संध्याकाळी चलन वजा बिलं म्हणजे गाडीत उरलेला माल, हा ताळाही लागतो. राज्यातल्या राज्यात माल १ लाखाच्या वर असला तरच ई-वे बिलाचा प्रश्न. चार-सहा बॅटऱ्यांना सहसा येत नाही.

जपणुकीबद्दल. हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायचे असतात. २०२५-२६ ची बिलं म्हणजे डिसेंबर २०३२ पर्यंत. एवढी वर्षं एक मोबाइल टिकत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवलं म्हणजे जपलं असं धरू नका. स्टोरेज भरलं की सगळ्यात आधी तिथलीच सफाई होते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मागच्या महिन्याच्या सगळ्या पीडीएफ आणि एक्सेल धंद्याच्या ईमेलवर आणि तुमच्या अकाउंटंटला पाठवा. ॲपचा बॅकअप स्वतःच्या गूगल खात्यावर जातो की फक्त मोबाइलमध्येच राहतो, हे पैसे भरण्याआधी बघा. ॲप सोडायचं ठरलं तर सगळा डेटा बाहेर काढता येतो का, हेही. वर्षाच्या वर्गणीत दोनपाचशे रुपये इकडेतिकडे झाले तरी मला त्याचं काही वाटत नाही. डेटा अडकला तर वाटतं.

राहिला भाऊ. तो एकटा गाडीवर जातो तेव्हा पैसे नेमके कुठल्या कामाचे आले हे रात्री कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. बिलावर रकमेसकट क्यूआर येईल अशी सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती सुरू करा. क्यूआर धंद्याच्या चालू खात्याचा असू द्या, भावाच्या बचत खात्याचा नको. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक त्याने तिथेच बिलात टाकावा, रोख मिळाली तर ‘रोख’ एवढं तरी. भावाला ॲपमध्ये स्वतःचं लॉगिन द्या: बिल करता येईल, पण जुनं बिल बदलता किंवा काढून टाकता येणार नाही, असं. अविश्वास म्हणून हे सांगत नाही. उद्या एखादं बिल बदललेलं निघालं तर ते त्याने केलं नाही हे त्यालाही ठामपणे सांगता यावं, म्हणून.